लहान क्लॅरिनेट सोपा आणि मोठा अवघड, असं असतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचा अकरा वर्षांचा आहे, बासरी बरी वाजवतो, आता क्लॅरिनेटचा हट्ट धरून बसलाय. तालुक्याच्या बँडवाल्याकडे एक जुना ई फ्लॅट, म्हणजे आखूड जातीचा क्लॅरिनेट, पडून आहे, आणि तो म्हणतो की लहान पोट्ट्याला लहान बाजाच सोपा जातो. घ्यावा का?

भाऊ, नका घेऊ. सुरुवात बी फ्लॅटवरच, म्हणजे नेहमीच्या लांबीच्या क्लॅरिनेटवरच करा. मी फौजेच्या बँडमध्ये नोकरी केली, पचमढीला शिकलो. बी फ्लॅट, ई फ्लॅट आणि बेस, तिन्ही वाजवले आहेत. आता अचलपूरकडे गावी असतो आणि बँड पार्टीतली पोरं शिकायला येतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर नेहमी येतो.

बँडवाल्याचं म्हणणं बोटांपुरतं खरं आहे. बी फ्लॅट साधारण ६६-६७ सेंटिमीटर लांब असतो, ई फ्लॅट ४९च्या आसपास. भोकं जवळजवळ असतात, लहान हाताला ताण पडत नाही. उलट माझ्यासारख्या जाड बोटांच्या माणसाची बोटं तिथे एकमेकांवर चढतात. पण क्लॅरिनेट वाजतो तो आधी तोंडाने, आणि तिथे सगळं उलटं होतं. ई फ्लॅटचा माउथपीस (तोंडात धरायचा भाग) लहान, रीड (त्यावरची थरथरणारी पातळ पट्टी) ही लहान. ओठ घट्ट आणि एकाच जागी धरून ठेवावा लागतो. जरा ढिला पडला की सूर खाली घसरतो, जरा जास्त दाबला की चिरकतो. शिकाऊ पोराच्या ओठात ती ताकद नसते आणि कानही अजून तयार नसतो. बी फ्लॅट तेवढीच चूक पोटात घालतो, ई फ्लॅट चारचौघांत सांगतो. बँडमध्ये तर ई फ्लॅटवाला बहुधा एकटाच असतो आणि त्याचा सूर सगळ्यांच्या वर वाजतो, लपायला जागाच नाही. म्हणून आमच्याकडे तो बाजा आधी बी फ्लॅटवर मुरलेल्या माणसाच्याच हातात देत.

आता मोठ्या बाजाचं. बेस क्लॅरिनेट बी फ्लॅटच्या एक सप्तक खाली वाजतो. पाहणाऱ्याला वाटतं याला छाती फोडून फुंकावं लागत असेल. तसं नाही. हवा जास्त लागते, पण दाब कमी लागतो. तोंड सैल, जबडा खाली, श्वास पोटातून. भोकं तर बोटाने झाकायचीच नसतात, सगळीकडे गादीवाल्या किल्ल्या असतात, त्यामुळे खालचे सूर नवख्याकडूनही चटकन आणि फार गोड निघतात. त्रास वर सुरू होतो. वरच्या सप्तकात जाताना सूर अडतो, घोगरा होतो, नाहीतर फुटतो. तो साफ काढायला वर्षं जातात. शिवाय वजन. बेस खुंटीवर टेकवून किंवा गळ्यात पट्टा घालून वाजवतात. किमतीचं तर बोलायलाच नको.

ए क्लॅरिनेट बी फ्लॅटपेक्षा किंचित लांब, अर्ध्या सुराने खाली. एक वाजवता आला की दुसरा येतोच. तो ऑर्केस्ट्रावाल्यांच्या कामाचा, तुम्हाला त्याची गरज पडणार नाही.

भाचा बासरीवाला आहे म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण बासरीवरून येणारी पोरं इथेच रडकुंडीला येतात. बासरीत तीच बोटं ठेवून जोराने फुंकलं की वरच्या सप्तकातला तोच सूर मिळतो. सनईतही तसंच. क्लॅरिनेटमध्ये मात्र डाव्या अंगठ्याची वरची किल्ली दाबली की मध्य ‘सा’च्या बोटांवर तार ‘प’ वाजतो. नळी सरळ गोल आणि वरचं टोक तोंडाने बंद, म्हणून ती सप्तक सोडून बाराव्या सुरावर उडी घेते. म्हणजे खालची बोटं वेगळी पाठ करायची, वरची वेगळी, आणि मधला सांधा ओलांडताना जवळजवळ सगळी बोटं एकदम बसवायची. हे छोट्या-मोठ्या सगळ्या क्लॅरिनेटला सारखंच आहे. आखूड बाजा घेतल्याने यातून सुटका नाही.

पट्टीचाही विचार करा. बी फ्लॅटवर बोटांचा ‘सी’ धरला की पेटीवर काळी पाच वाजते, ई फ्लॅटवर काळी दोन. गावात भजनाची पेटी पांढरी चारवर लागली तर बी फ्लॅटवाल्याला फक्त एक शार्प (अर्धा चढवलेला सूर) सांभाळावा लागतो, पोरगं आठवड्याभरात साथ धरतं. पांढरी तीनला मात्र सहा शार्प येतात आणि चांगले चांगले वादक तोंड वाकडं करतात. बँडची सगळी तालीम, जुन्या लोकांनी उतरवलेली गाणी, सगळं बी फ्लॅटच्या बोटांवर बसलेलं असतं. एकट्याने ई फ्लॅटवर शिकलेल्या पोराला कोणाचं पाहून वाजवता येणार?

आपल्याकडच्या लगीनसराईचं ऊन हा आणखी एक मुद्दा. तापलेल्या हवेत क्लॅरिनेटचा सूर चढतो, पेटीचा जवळजवळ तिथेच राहतो. मग माउथपीसखालचा बॅरल थोडा ओढून सूर उतरवावा लागतो. बी फ्लॅटला मिलिमीटरभर ओढलं तर थोडा फरक पडतो; ई फ्लॅटला तेवढ्यानेच जास्त पडतो, कारण नळीच आखूड. लाकडी बाजा तर या कोरड्या उन्हात तडकूही शकतो. नवशिक्याला एबोनाइटचा (कडक रबराचा) किंवा प्लास्टिकचा द्या, निश्चिंत राहा.

हाताचं काय, ते घरीच पाहता येईल. कोणाचा तरी बी फ्लॅट मागून आणा. मुलाला दोन्ही हातांची तीन-तीन बोटं आणि डावा अंगठा भोकांवर घट्ट दाबून दहा आकडे मोजायला सांगा, मग बोटं उचलून पेरं पाहा. प्रत्येक पेरावर भोकाचा पूर्ण गोल वळ उठला असेल तर हात पुरतोय. चंद्रकोरीसारखा अर्धाच उठला तर तिथून हवा गळणार आणि बाजा किंचाळणार. बहुतेक मुलांचं अडतं ते उजव्या हाताच्या तिसऱ्या बोटावर, तेच भोक सगळ्यात खाली असतं. हे पाहताना बाजा अल्बर्ट पद्धतीचा आहे की बोम, म्हणजे भोकं-किल्ल्यांची मांडणी कोणती, हेही विचारून घ्या. गावोगावच्या बँडमध्ये जुने अल्बर्ट अजून दिसतात, आणि दोन्हींची बोटं काही ठिकाणी वेगळी पडतात. जो शिकवणार त्याच्याकडे जो असेल तोच घ्या.

वजन उजव्या अंगठ्यावर येतं, त्यासाठी गळ्यातला पट्टा लावा, मुलांना फार आराम पडतो. रीड दोन नंबरची. आणि हात खरोखरच पुरत नसेल तर सी मधला हलका प्लास्टिकचा क्लॅरिनेट मिळतो, लहान मुलांसाठीच बनवलेला. त्याची पट्टी थेट पांढरी एक, पेटीबरोबर लगेच जुळते, आणि तोंडाला तो ई फ्लॅटइतका छळत नाही. नागपूरच्या दुकानात विचारा, मागवून देतील. तोही नाही जमला तर सहा महिने, वर्षभर बासरीच चालू द्या. या वयात बोटं भराभर वाढतात.