काळ्या मातीत आर्सेनिक आणि कोबाल्ट जास्त का येतात?

रस्त्याकडेच्या काळ्या मातीच्या पेलेटवर (दाबून केलेल्या वडीवर) एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) आर्सेनिक आणि कोबाल्ट भरमसाट दाखवतं, आयसीपीत (माती आम्लात विरघळवून मोजण्याच्या पद्धतीत) दोन्ही कमी येतात, मग मशिन बिघडलंय का, असा प्रश्न आहे. मशिनवर संशय घेण्याआधी स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या ऊर्जेला किती क्ष-किरण आले त्याचा आलेख, उघडा. त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरावीक ऊर्जेच्या रेषा (के-अल्फा, एल-बीटा वगैरे) शिखरांसारख्या दिसतात. नुसता आकड्यांचा तक्ता बघून यातलं काहीच कळणार नाही.

आर्सेनिकची के-अल्फा रेषा 10.54 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला, शिशाची एल-अल्फा 10.55 ला. एवढं अंतर कोणताही ईडी (ऊर्जेवरून रेषा ओळखणारा) डिटेक्टर वेगळं करू शकत नाही. रस्त्याकडेच्या मातीत शिसं असणारच. त्यामुळे शिसं 12.61 च्या एल-बीटावरून मोजा आणि त्याचा वाटा 10.5 च्या शिखरातून वजा करा. आर्सेनिकची के-बीटा 11.73 ला मोकळी असते, पण बरीच क्षीण. शिसं आर्सेनिकच्या दहापटीहून जास्त असेल तर आर्सेनिकचा आकडा देऊच नका, त्यासाठी आयसीपीच वापरा.

कोबाल्टचा घोळ लोहामुळे होतो. बेसॉल्टपासून बनलेल्या मातीत लोह भरपूर, त्याची 7.06 ची के-बीटा कोबाल्टच्या 6.93 वर चढते. दुसरी शक्यता दळण्याच्या भांड्याची. टंगस्टन कार्बाइडमध्ये कोबाल्ट बाइंडर (कण जोडून ठेवणारा धातू) म्हणून असतो, तो नमुन्यात खरोखर उतरतो. 8.40 ला टंगस्टनची रेषा दिसली की चोर भांड्यातच आहे. आयसीपीला न दळलेली माती दिली होती का, तेही विचारा. शुद्ध क्वार्ट्झ त्याच भांड्यात दळून त्याचं पेलेट मोजलं की खात्री होते. अत्यल्प प्रमाणातल्या मूलद्रव्यांसाठी अ‍ॅगेटचं (अकीक दगडाचं) भांडं वापरा.

नमुना 105 अंशांवर वाळवा. पारा मोजायचा असेल तर हवेतच. मग 75 मायक्रॉनच्या चाळणीतून पूर्ण जाईपर्यंत दळा. वरचं जाड उरलेलं फेकू नका, नमुना बदलतो. 4 ग्रॅम मातीत 0.9 ग्रॅम मेण नीट मिसळून 32 मिलिमीटरच्या डायमध्ये 15 ते 20 टन दाब द्या. दाब हळूहळू सोडा, नाहीतर पेलेट तडकतं.

क्रोमियम मात्र आयसीपीपेक्षा जास्त आलं तर लगेच दुरुस्त करायला जाऊ नका. अ‍ॅक्वा रेजियात (आयसीपीसाठी माती विरघळवायच्या आम्लांच्या मिश्रणात) क्रोमाइट हे क्रोमियमचं खनिज पुरतं विरघळत नाही, एक्सआरएफ एकूण क्रोमियम मोजतं. फक्त आधी क्रोमियमच्या रेषेवर चढणारी व्हॅनेडियमची के-बीटा वजा झालीय ना, ते बघा. दर बॅचला एनआयएसटी 2711ए या, खरे आकडे माहीत असलेल्या प्रमाणित मातीचं पेलेट तपासणीसाठी लावा: शिसं 0.14 टक्के, आर्सेनिक 107 पीपीएम. शिसं इथेही दहापटीहून जास्त आहे, पण खरा आकडा माहीत असल्याने त्यात आर्सेनिक जुळलं नाही तर शिशाच्या वजाबाकीचा गुणांक चुकलाय.