बदललेली पेजेस डिस्कवर कधी लिहायची? नवशिक्यासाठी थोडंसं

तुम्ही विचारलंत, डेटाबेसमध्ये कमिट झाल्यावर, म्हणजे बदल पक्का झाल्यावर, मेमरीत बदललेलं पेज (डेटाचा ठरावीक आकाराचा तुकडा) लगेच डिस्कवर लिहायला नको का? नको. सुरुवातीला बहुतेक जण इथेच अडखळतात. कमिट टिकवायचं काम लॉगचं, म्हणजे बदलांच्या क्रमवार नोंदवहीचं असतं. लॉगची नोंद डिस्कवर पोचली की वीज गेली तरी बदल पुन्हा उभा करता येतो, पेज मागाहून सावकाश जाऊ दे. क्रम मात्र कधीच उलटा होता कामा नये: आधी लॉग, मग पेज.

उशीर केल्याचा फायदा मोठा आहे. एकाच पेजवरचे शंभर बदल एकदाच लिहून भागतं. पण फारच लांबवलं तर लॉग साचतो आणि क्रॅशनंतर तो सगळा पुन्हा चालवेपर्यंत डेटाबेस उघडत नाही. हा तोल चेकपॉइंट, म्हणजे बदललेली पेजेस डिस्कवर लिहून टाकण्याचा टप्पा, सांभाळतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मूळ सेटिंगनुसार तो दर ५ मिनिटांनी होतो. लॉग १ जीबीच्या मर्यादेकडे धावू लागला तर त्याआधीच.

नेहमीच्या चुका:

- जास्त सुरक्षित वाटतं म्हणून चेकपॉइंटचं अंतर कमी करणं. प्रत्येक चेकपॉइंटनंतर पेज पहिल्यांदा बदललं की ते अख्खं लॉगमध्ये जातं, त्यामुळे लिखाण उलट वाढतं.
- वेगासाठी एफसिंक (लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचल्याची खात्री करणारं सेटिंग) बंद करणं. कृपा करून हे करू नका, डेटा कायमचा बिघडू शकतो.

बाकीची सेटिंग्ज सध्या राहू द्या. चेकपॉइंट वारंवार होत असल्याचा इशारा सर्व्हरच्या नोंदींत दिसला, तर आधी मॅक्स वॉल साइज (लॉगची वर सांगितलेली १ जीबीची मर्यादा) वाढवून पाहा.