भाडं नंतर वाटा, आधी उरलेले पैसे वाटा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्हाला स्टुटगार्टला वर्षाला ६८,००० युरोंची नोकरी मिळाली आहे, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यावर, येताय. नवरा पुण्यातली नोकरी सोडून काही महिन्यांनी येणार, आणि त्याला जर्मन येत नाही. पुण्यात तुमचा घरखर्च निम्मा-निम्मा असतो. इथे भाडं निम्मं करायचं, पगाराच्या प्रमाणात करायचं, की त्याला नोकरी लागेपर्यंत सगळं तुम्ही भरायचं आणि त्याचा वाटा लिहून ठेवायचा?

तिसरा पर्याय आत्ताच खोडून टाका. वाण्याकडच्या खात्यासारखी महिन्याला सातशे-साडेसातशे युरोंची उधारी नवऱ्याच्या नावावर चढत गेली, की पहिली नोकरी लागेल तेव्हा तिचा आनंद व्हायच्या आधीच निम्मा पगार मागच्या बाकीत गेलेला असेल. आणि तो नोकरी सोडून येतोय तो तुमच्या नोकरीसाठी. त्याचा बुडालेला पगार कुठल्या रकान्यात लिहिणार?

उरलेल्या दोन पर्यायांसाठी आकडे मांडते. ढोबळ आहेत, थोडेफार इकडेतिकडे होतील.

इथे जाहिरातीत दोन भाडी दिसतील. काल्टमीटे म्हणजे नुसतं जागेचं, आणि वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा वेगळं, शिवाय रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी घरटी १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. घरमालक साधारणपणे बघतात की काल्टमीटे हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास असावं. नवऱ्याचा पगार नसताना तो पगार म्हणजे फक्त तुमचा, साधारण ३,४०० युरो. म्हणून ११०० च्या वर काल्टमीटे बघूच नका. वार्म १,४००, वरचं सगळं धरून १,५००, असं समजून पुढे जाऊ. दोघांच्या भावी पगारावर घर घ्यायचा मोह होतो, विशेषतः फायहिंगेन, डेगरलोखसारख्या भागातली घरं बघितली की. तो आवरा. घर एका पगारात बसलं, तर त्याला मिळेल ती पहिली नोकरी धरावी लागणार नाही, थोडी वाट बघता येईल.

आता पगाराचं प्रमाण. इथे नवरा-बायकोचा टॅक्स कुठल्या वर्गात कापायचा हे तुम्ही ठरवता. नवरा भारतात असेपर्यंत तुमचा वर्ग १. तो आला, नाव नोंदवलं, की दोघं आपोआप ४ आणि ४. अर्ज केलात तर एक जण ३ आणि दुसरा ५. ऑफिसात कुणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगणार, ‘तुम्ही ३ घ्या, फायदा आहे.’ समजा वर्षभराने नवऱ्याला ३०,००० ची अर्धवेळ नोकरी लागली. ४-४ मध्ये तुमच्या हातात साधारण ३,४००, त्याच्या १,७५०. ३-५ मध्ये तुमच्या ३,८५०, त्याच्या १,४५०. काम तेच, पगार तोच, पण त्याच्या पगाराच्या चिठ्ठीतून महिन्याला तीनशे युरो उडाले आणि तुमच्या चिठ्ठीत साडेचारशे आले.

भाडं हातातल्या पगाराच्या प्रमाणात वाटलंत तर ४-४ मध्ये त्याचा वाटा साधारण ५१० येतो, ३-५ मध्ये ४१०. म्हणजे प्रमाण ठरवतंय ते तुमचं नातं नाही, त्याची मेहनतही नाही, टॅक्स ऑफिसातला एक फॉर्म. वर्षाच्या शेवटी एकत्र रिटर्न भरलंत की दोघांचा मिळून टॅक्स दोन्ही पद्धतींत सारखाच निघतो, ३-५ मध्ये फक्त दर महिन्याला कमी कापला जातो. (३-५ घेतलंत तर रिटर्न भरणं सक्तीचं, आणि बऱ्याचदा पैसे भरायची चिठ्ठी येते.) पण बेकारभत्ता आणि एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळासाठी रजा घेतल्यावर मिळणारा भत्ता, हे हातातल्या पगारावर ठरतात. तुमचा एल्टर्नगेल्ड तसाही महिना १,८०० च्या कमाल मर्यादेला टेकेल, नवऱ्याचा मात्र ५ मध्ये चांगलाच खाली येईल. त्यामुळे तो कमवायला लागला की ४-४ वर या, आणि मूल हवं असेल तर हे बरंच आधी करा, कारण मागच्या बारा महिन्यांत जास्त काळ कुठला वर्ग होता ते बघतात. तो घरी असेपर्यंत तुम्ही ३ मध्ये असायला हरकत नाही.

बरं, प्रमाणाने वाटून तरी काय होतं? ४-४ चा हिशेब घ्या. निम्मं-निम्मं, म्हणजे प्रत्येकी ७५०, केलं तर त्याच्याकडे एक हजार उरतात, तुमच्याकडे २,६५०. प्रमाणात केलं तर त्याच्याकडे १,२४०, तुमच्याकडे २,४१०. म्हणजे एवढी न्यायाची चर्चा करून फरक पडला अडीचशेचा, आणि एकाच घरात एक जण दुसऱ्याच्या दुप्पट पैसे बाळगून राहतो. एकाने विमानाचं तिकीट काढायचं आणि दुसऱ्याने ‘या वर्षी नको’ म्हणायचं.

आमच्याकडे मी आधी आले, नवरा मागून. तो जर्मनची बी-वन पातळी करत असताना माझं बँकेचं कार्ड त्याच्याकडे होतं, मी कधीच काही विचारलं नाही, आणि मला वाटायचं प्रश्न मिटला. एकदा क्लास सुटल्यावर त्याला घ्यायला गेले तर सगळी मुलं बेकरीत ब्रेत्सेल आणि कॉफी घेत उभी, आणि हा बाहेर डबा संपवतोय. विचारलं तर म्हणाला, ‘तुझ्या फोनवर मेसेज येतो ना, बेकरी अमुक युरो. मीटिंगमध्ये असतेस.’ केस मानेवर आले होते तरी कापत नव्हता, त्याचंही कारण हेच. पुण्यात हाच माणूस मित्रांची बिलं भरायचा.

त्यानंतर आम्ही लावलेली व्यवस्था तुम्हाला सुचवते. जर्मन लोकांत तीन खात्यांची पद्धत अगदी रुळलेली आहे : दोघांचं एकेक आणि एक सामायिक. बहुतेक जण सामायिक खात्यात ठरावीक वाटा टाकतात आणि बाकीचं स्वतःकडे ठेवतात. तुम्ही उलट करा. सगळे पगार सामायिक खात्यात. तिथून भाडं, किराणा, विमा, शिल्लक. मग उरलेल्यातून दोघांच्या खात्यावर सारखीच रक्कम, महिन्याच्या पहिल्या तारखेला, बँकेत कायमचा आदेश देऊन. सुरुवातीला दोनशे-दोनशे असेल, नंतर पाचशे. त्या पैशांना कुणी कुणाला विचारायचं नाही. त्याची नोकरी नसतानाही रक्कम तीच. मुद्दा ‘दिले’ हा शब्द घरात न येण्याचा आहे.

हे फार भावनिक वाटत असेल तर इथला कायदाही ऐका : नवरा-बायको दोघांनी कुटुंब पोसायचं, आणि ज्याच्याकडे घर सांभाळायचं काम सोपवलं आहे त्याने ते करून आपला वाटा उचलला असंच धरलं जातं. तो घरी असेल तेव्हा स्वयंपाक, सरकारी पत्रं, फर्निचर जोडणं, आणि स्टुटगार्टचं ते प्रसिद्ध केरवोखे, म्हणजे जिना झाडायची पाळी, हे सगळं त्याच्याकडे जाईल. आमच्या मजल्यावरच्या आजी पाळीची पाटी दाराला लावून जातात आणि कोपऱ्यात केर राहिला तर बेल वाजवतात. ते काम फुकट धरू नका.

पुण्याचं मात्र तुम्ही एका ओळीत उरकलंत : ‘फ्लॅटचा हप्ता आहेच.’ कुणाच्या नावावर? पंचेचाळीस हजारांचा हप्ता म्हणजे साधारण साडेचारशे युरो, इथल्या भाड्याच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. तो आतापर्यंत त्याच्या पगारातून जात असेल, तर उद्यापासून तुमच्या युरोंतून जाणार आणि फ्लॅट राहणार त्याच्या नावावर. यावर येण्याआधी बोला, आणि सासू-सासऱ्यांसमोर नको. दोघांची नावं असतील तर सरळ सामायिक खात्यातून भरा, फ्लॅट भाड्याने दिलात तर ते भाडंही त्याच पोटात घाला. एकट्याचा असेल तर इथे तुमच्या नावावर तेवढीच शिल्लक टाका. तिकडची बचत खाती एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांची, करायला विसरू नका.

आई-वडिलांना पाठवायचे पैसे सामायिक खात्यातून, दोन्हीकडे, आणि रक्कम उघड. सारखीच असावी असं नाही. एका घरी पेन्शन असते, दुसऱ्या घरी नसते. पण ‘माझ्या पगारातून माझ्या आईला’ सुरू झालं की ज्याला पगार नाही त्याची आई मागे पडते, आणि मराठी घरात ते दिवाळीपर्यंतही झाकून राहत नाही.

किरकोळ गोष्टी. भाडेकरारावर दोघांची नावं घाला, पण मग पूर्ण भाड्याची जबाबदारी दोघांवर असते. तुमचं आपसातलं प्रमाण घरमालकाला लागू नाही. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटे, ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क आहे. स्वयंपाकघर रिकामं मिळू शकतं, अक्षरशः नळाची तोटी आणि भिंत, त्याचे पैसे वेगळे ठेवा. नवऱ्याला उत्पन्न नसेपर्यंत सरकारी आरोग्यविम्यात तुमच्यासोबत त्याचा विमा फुकट होतो, म्हणून खासगी विम्याच्या एजंटला पहिल्या महिन्यात दारात उभं करू नका. पेन्शनचं तसं नाही, त्याचे ते महिने कोरे जातात. शंभरेक युरोंपासून ऐच्छिक हप्ता भरता येतो. इथेच राहायचं नक्की झालं की तो सामायिक खात्यातून सुरू करा.

आणि तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल : जर्मनच्या क्लासची फी तो स्वतःच्या शिलकीतून भरायची म्हणतोय. नको. ए-वन आणि जमलं तर ए-टू त्याने पुण्यात मॅक्स म्युलर भवनातच करून यावं, पुढचं इथे फोल्क्सहोखशुलेत, म्हणजे प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणकेंद्रात, आणि सगळी फी सामायिक खर्चात. त्याची शिल्लक त्याच्याकडेच राहू द्या. नोटीस पिरियड संपायच्या आत बॅच मिळते का, ते या आठवड्यात विचारून घ्या.