निळी राउटमास्टर खरीच आहे

प्रश्न : भाच्याने इंग्लंडहून डबल डेकरचं छोटं मॉडेल आणलं. घडण लंडनच्या राउटमास्टरची, मागचा दरवाजा उघडा. पण रंग गडद निळा आणि फिकट पिवळा. बाजूला ‘ईस्ट यॉर्कशायर’ असं नाव. बनवणाऱ्याने मनचे रंग दिले असतील, तर खरवडून लाल रंगवून घेऊ का? – एक वाचक, सांगली

उत्तर : कृपा करून खरवडू नका! त्या निळ्या बसने मी प्रवास केला आहे. 1989 मध्ये मी इंग्लंडमधल्या हल शहरात शिकत होते. मी दादरची, त्यामुळे डबल डेकर म्हणजे बेस्टची लाल, एवढंच डोक्यात. पहिल्या दिवशी स्टॉपवर ही निळी बस आली आणि आपली नसेल असं समजून मी ती सोडली. (हलमध्ये टेलिफोनच्या खोक्यांचा रंगही लाल नव्हता, सायीसारखा होता, टेलिफोन नगरपालिकेचे होते ना.)

राउटमास्टर लंडनसाठी बांधली गेली. 1968 पर्यंत 2876 गाड्या तयार झाल्या. बहुतेक लाल, कारण 1907 मध्ये लंडनमधल्या एका मोठ्या कंपनीने प्रतिस्पर्ध्यांत उठून दिसावं म्हणून लाल रंग घेतला आणि तोच पुढे शहराचा झाला. पण तेव्हाही शहराबाहेरच्या मार्गांवरच्या राउटमास्टर हिरव्या होत्या, आणि हीथ्रोला प्रवासी नेणाऱ्या विमान कंपनीच्या आधी निळ्या-पांढऱ्या, मग नारिंगी-पांढऱ्या.

खरी रंगपंचमी 1986 नंतर झाली. त्या वर्षी लंडनबाहेर बससेवा सगळ्या कंपन्यांना खुली झाली, कुणीही मार्ग सुरू करावा. लंडनने काढून टाकलेल्या राउटमास्टर या कंपन्यांनी घेतल्या. तिकीट कंडक्टर फाडतो, मागून पटकन चढता-उतरता येतं, त्यामुळे स्टॉपवर वेळ मोडत नाही. स्पर्धेत हा मोठा फायदा. स्कॉटलंडमध्ये पर्थला स्टेजकोच या कंपनीने त्यांना पांढऱ्यावर नारिंगी, लाल, निळे पट्टे दिले.

ईस्ट यॉर्कशायरची गोष्ट मला सगळ्यांत जवळची. निळा आणि फिकट पिवळा हे या कंपनीचे जुने रंग. 1972 नंतर सरकारी राष्ट्रीय बस कंपनीने देशभर एकसारखे दोन रंग ठरवले, खसखशीच्या फुलाचा लाल किंवा पानाचा हिरवा. यांच्या वाट्याला लाल आला. 1987 मध्ये कंपनी तिच्या व्यवस्थापकांनीच विकत घेतली आणि वर्षभरात आणलेल्या राउटमास्टरना ते जुने रंग परत चढवले. लंडनमध्ये असताना या गाड्यांनी ते कधी पाहिलेही नव्हते! माझ्या घरमालकीणबाई मात्र त्या निळ्या बसकडे माहेरचं माणूस भेटल्यासारखं बघायच्या. त्यांच्या तरुणपणी याच रंगाच्या बसने त्या कामाला जात. उशीर झाला तरी त्या दुसऱ्या कंपनीची बस सोडून हिचीच वाट बघत.

म्हणून माझ्या मते राउटमास्टरचा खरा रंग लाल हे म्हणणं अपुरं आहे. खुद्द लंडनमध्येही 1993 पासून 19 नंबरच्या मार्गावर गर्द तांबड्या आणि सायीच्या रंगाच्या राउटमास्टर धावल्या. गाडी तीच, मालक बदलला की अंगरखा बदलला.

मॉडेल उन्हात ठेवू नका, निळा रंग विटतो. धूळ कोरड्या मऊ कुंचल्याने झटका. लाल हवीच असेल तर दुसरी आणा आणि हिच्या शेजारी ठेवा.