स्टुटगार्टला मास्टर्ससाठी येतेयस म्हणतेस, तर पहिल्या दिवसांबद्दल

तुझा प्रश्न काल वाचला. कराडला इंजिनिअरिंग झालं, ऑक्टोबरपासून स्टुटगार्टला मास्टर्स, स्टुडंट होस्टेलला वेटिंग लिस्टवर आहेस, आई काळजीत आहे, आणि तुला विचारायचंय की पहिले दिवस कसे असतात, काय आणू, एकटं वाटतं का, सेटल व्हायला किती दिवस लागतात. दोन ओळीत उत्तर देऊन झोपणार होते पण लिहायला बसले आणि लांबतच गेलं, त्यामुळे वेळ असेल तर वाच, नाहीतर राहू दे.

व्हीजा, ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी आधीच बँकेत भरून ठेवायचे 11,904 युरो, हेल्थ इन्शुरन्स यावर मी काही लिहीत नाही. ते सगळं एम्बसीच्या आणि युनिव्हर्सिटीच्या साइटवर आहे आणि एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपल्या डिग्रीचे कागद तपासून देतात तो दाखला, काढून तू इथवर आलीयेस म्हणजे तुला ते माझ्यापेक्षा जास्त माहितीये. आम्ही 2010 ला आलो तेव्हा आपल्याकडच्या मुलांना एपीएस नव्हतंच. फी मात्र सगळ्यांनाच सेमिस्टरला 500 युरो होती, जर्मन असो की सांगलीचा असो, मग 2012 ला ती काढून टाकली, आणि 2017 पासून परत लावली ती फक्त युरोपच्या बाहेरून येणाऱ्यांना, सेमिस्टरला 1500. बाकी बऱ्याच राज्यांत फी नाही, स्टुटगार्टच्या राज्यालाच कसली गरज पडली कोण जाणे, जाऊ दे.

तर पहिली गोष्ट पत्ता. रूम म्हणत नाहीये मी, पत्ता म्हणतेय. डोकं टेकायला जागा मिळून जाते, कुणाच्या तरी सोफ्यावर, दोन महिन्यांच्या सबलेटवर, म्हणजे दुसऱ्याने भाड्याने घेतलेल्या रूमवर. पण त्या घरावर तुझी आन्मेल्डुंग, म्हणजे पालिकेत नावनोंदणी, होणार आहे का हे आधी विचार. कायद्याने घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते आणि 2015 पासून घरमालकाने भरून दिलेला कागद लागतो, त्याशिवाय काउंटरवर उभं करत नाहीत. बरेच सबलेटवाले आधीच सांगतात की राहा पण नोंदणी नाही. असल्या जागेत पडलीस की बँक पत्ता मागते, रेसिडन्स परमिटवाले पत्ता मागतात, स्टुडंट जॉबला टॅक्स नंबर लागतो तो पोस्टाने त्याच पत्त्यावर येतो, आणि पत्ताच नाही. खिशात पैसे, हातात अॅडमिशन आणि तरी तू कुणीच नाहीस. त्यामुळे थोडी महाग पडली तरी नोंदणी होणारी जागा घे. रूम बघायच्या आधी डिपॉझिट मागणाऱ्याला एक रुपया पाठवू नकोस, तो कितीही गोड इंग्लिश लिहीत असला तरी.

इंजिनिअरिंगची बरीचशी डिपार्टमेंट्स शहरात नाहीत, वरती फाइहिंगेनला आहेत, तिथे एस-बानचं, म्हणजे इथल्या लोकलचं, स्टेशनच युनिव्हर्सिटीच्या नावाचं आहे. त्यामुळे शहराच्या मध्यात राहायचा हट्ट करू नकोस. एस1 ची लाइन बोब्लिंगेनवरून हेरेनबर्गला जाते, त्या बाजूची छोटी गावंसुद्धा बघ. एकच आहे, गाव बदललं की सरकारी ऑफिस बदलतं, आणि कुठल्या ऑफिसात कोण बसलंय हे नशिबाचं काम.

मी अशाच एका गावात होते, नाव सांगत नाही. तीन जणींचं शेअरिंग. माझ्या आधीची मुलगी सोडून गेली होती पण खाली पत्रपेटीवर नाव तिचंच. इथे पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो, सरळ. आणि चिठ्ठी चिकटवायचा मान घरमालकाचा, सगळ्या पट्ट्या एकसारख्या दिसायला पाहिजेत म्हणून, मी हाताने लिहून चिकटवलेली काढून टाकली त्यांनी. त्यांची पट्टी येईपर्यंत माझ्या बँकेच्या पिनचं पत्र परत गेलं, आणि परमिटच्या अपॉइंटमेंटचं पत्रही परत गेलं. मला ह्यातलं काही कळलंच नाही. मी स्वतः चौकशीला गेले तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या तुम्हाला बोलावलं होतं, तुम्ही आला नाहीत, आता पुढची तारीख जानेवारीअखेरीची. माझा व्हीजा त्याच्या आधी संपत होता. म्हटलं मग मला तोवरचा तात्पुरता कागद तरी द्या, तर म्हणाल्या तो पण अपॉइंटमेंटलाच मिळतो. त्यात आणि पासपोर्टवर आपल्याकडे गिव्हन नेममध्ये वडिलांचं नाव असतं ना, त्यावरून वेगळाच घोळ. सिस्टिममध्ये माझं नाव एकदा बाबांच्या नावासकट आणि एकदा त्याच्याशिवाय, म्हणजे दोन माणसं, त्यातल्या एकीचा अर्ज सापडतोय आणि एकीचा नाही. दादाचा साखरपुडा जानेवारीत होता. तिकीट काढलेलं होतं. परत आत घेतील याची खात्री नाही म्हणून गेले नाही. लग्नाला गेले नंतर, पण वहिनी अजून म्हणते तू साखरपुड्याला नव्हतीस, आणि एका पट्टीमुळे नव्हते हे समजावून सांगता येत नाही कुणाला. इतकी वर्षं झाली, त्या गावावरून ट्रेन जाते तेव्हा मी मोबाइलमध्ये बघते.

म्हणून सामान आत ठेवायच्या आधी पेटीवर नाव लाव. आणि तिकिटावर, अॅडमिशन लेटरवर, इन्शुरन्सवर, सगळीकडे पासपोर्टवर जसं आहे तसंच पूर्ण नाव दे, वडिलांच्या नावासकट, कितीही लांब झालं तरी.

आता केरवोखे. हे तुला युनिव्हर्सिटीवाले सांगणार नाहीत. श्वाबेन भागातली पद्धत आहे, म्हणजे आपल्या स्टुटगार्टची. बिल्डिंगचा जिना झाडायची पुसायची पाळी आठवड्याआठवड्याने फिरते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी अडकवतात. शनिवारपर्यंत झालं पाहिजे. खालच्या मजल्यावरच्या आजी मी जिना पुसल्यावर दार उघडून बघायच्या, एक शब्द नाही, फक्त बघायच्या, आणि एकदा बोट दाखवलं कोपऱ्याकडे. थंडीत काही बिल्डिंगांत दारासमोरचा बर्फ काढायचंही त्यातच येतं. मला तेव्हा भयंकर अपमान वाटायचा, आता वरच्या मजल्यावर नवीन मुलं आलीयेत, मी जाता येता त्यांच्या पायऱ्या बघते. नवरा हसतो मला.

सामानाचं सांगते. कुकर आण, छोटा, पण शेअरिंगमध्ये असशील तर घरातल्यांना आधी एकदा शिट्टी ऐकवून ठेव, आमच्याकडे पहिल्या शिट्टीला रूममेट टॉवेल गुंडाळून बाहेर आली होती, तिला वाटलं फायर अलार्म. दुधाचं काही आणू नकोस, तूप नाही, पेढे नाहीत, खवा नाही, बाहेरून येणाऱ्याला दुधामटणाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टममध्ये बॅग उघडली तर आईचं तूप तुझ्या डोळ्यांदेखत कचऱ्यात जातं. भडंग आण. मसाला आण, चटण्या आण. तांदूळ डाळ आणून वजन वाया घालवू नकोस, सगळं मिळतं. जाड जॅकेट पुण्यामुंबईत घेऊ नकोस, इथे येऊन घे, तिकडचं जॅकेट दिसायला जाड असतं नुसतं. आणि शनिवारी उतरू नकोस. रविवारी दुकानं बंद, बेकरी सकाळी थोडा वेळ आणि मोठ्या स्टेशनातली दुकानं सोडली तर काही नाही. मंगळवार बुधवार बघ.

दारात पहिलं पत्र बहुतेक रेडिओ टीव्हीच्या पैशांचं येईल, महिना 18.36 युरो, घरात टीव्ही नसला तरी. घाबरू नकोस आणि फेकूनही देऊ नकोस. घरामागे एकच असतं, शेअरिंगमध्ये वाटून घ्या.

भारतीयांच्यात राहू नकोस, जर्मन मित्र कर, असं तुला दहा जण सांगतील. हे सांगणाऱ्यातल्या बहुतेकांना एअरपोर्टवरून आणायला भारतीय मुलंच गेली होती. पहिला महिना राहा की आपल्या मुलांच्यात, खिचडी खा, मराठीत शिव्या घाल. जर्मन आपोआप होत नाही हे खरं, त्याला क्लास लाव, कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी. पण त्यासाठी आपली माणसं तोडायची गरज नाही.

एकटं वाटतं का. वाटतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे करतात, डिसेंबरात साडेचारला अंधार. लाइट लाव, बाहेर चालून ये, शहराच्या लायब्ररीत जाऊन बस, पांढरी चौकोनी बिल्डिंग आहे माइलेंडर चौकात, आतून छान आहे आणि बसायला पैसे लागत नाहीत. होतं कमी. एवढंच आहे त्यात, फार विचार करू नकोस.

माझे बाबा तेव्हा गावभागातल्या नेट कॅफेत जाऊन स्काइप लावायचे, तासाचे पैसे देऊन. मागे लोकांचा आवाज, आणि बाबा मोठ्यांदा विचारायचे, सगळं ठीक ना? मी म्हणायचे हो एकदम मस्त. इतक्या लोकांसमोर, तासाचे पैसे चालू असताना दुसरं काय सांगणार. परमिटचा तो सगळा घोळ त्यांना माहीतच नव्हता, त्यांना वाटलं परीक्षेमुळे आले नाही, मीच तसं सांगितलं होतं. मग ती सवयच लागली. आता आईबाबा व्हिडिओ कॉलवर असतात, फुकट आहे, तास तास चालू असतो, आणि मी अजून म्हणते मस्त.

तुझा शेवटचा प्रश्न, सेटल व्हायला किती दिवस लागतात. कागदोपत्री तीन चार महिने धर. बाकीचं मला सांगता येत नाही, कारण मागच्या वर्षी काय झालं ते ऐक. लेक चौथीत होती. इथे चौथीनंतर पोरांच्या वाटा वेगळ्या होतात, गिम्नाझियुम म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीला नेणारी शाळा, रेआलशूल म्हणजे दहावीपर्यंतची, वगैरे, दहाव्या वर्षी. 2012 पासून मधली बरीच वर्षं आईवडील म्हणतील ते चालायचं, आता आमच्या राज्यात परत नियम बदलला, शिक्षकांचं मत, कोम्पास 4 नावाची टेस्ट आणि आईवडिलांची इच्छा, तीनातल्या दोन गोष्टी जुळल्या तरच सरळ गिम्नाझियुम, नाहीतर आणखी एक परीक्षा. नेमकं आमच्या बॅचपासून. टीचरने बोलावलं. लेकीचं गणित चांगलं आहे म्हणाल्या, पण भाषा कमी पडते, घरी जर्मन बोलत जा. लेक इथे जन्मली आहे. तिची जर्मन माझ्या जर्मनपेक्षा चांगली आहे, आणि माझी काही वाईट नाही, मी रोज त्याच भाषेत मीटिंगा घेते. आणि तो सगळा वेळ त्या माझ्याशी हळू, हळू, एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या. मी घरून तयारी करून गेले होते काय बोलायचं ते. तिथे बसल्यावर मी मान डोलावत राहिले, तेव्हा काउंटरवर डोलावली होती तशीच.

मुलगी नंतरची परीक्षा देऊन गेली गिम्नाझियुमला, तिला मजा येतेय, तिच्या डोक्यात काही नाही. माझ्या डोक्यात आहे. घरी आम्ही मराठीच बोलतो, जास्तच बोलतो त्या दिवसापासून.

ये की नको हे तू विचारलं नाहीस आणि मी सांगणारही नाही. मला इथलं काम आवडतं, पगार, लेकीचं एकटीने बसने जाणं, सगळं आवडतं. परत जायचं का हा विषय आमच्याकडे दर दिवाळीत निघतो आणि फराळाबरोबर संपतो.

होस्टेलच्या वेटिंग लिस्टला दर आठवड्याला ईमेल टाक, कंटाळून देतात कधीकधी, ऑक्टोबर उलटल्यावर रूम रिकाम्याही होतात. रूमच्या जाहिरातींत काही शंका आली तर लिंक पाठव, मी कागद बघून सांगते. आणि 3 ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते, सगळं बंद, तेव्हा 2 लाच दूध, ब्रेड, कांदे भरून ठेव.