'ओके डन' टाकलंस ना, मग झालं

प्रिय मित्रा,

स्टॅम्प पेपर नाही केला, ॲडव्हान्स पण नाही घेतला, मग ते लग्नाचं 60 हजाराचं शूट सोडून त्याच तारखेचं मोठं काम घेतलं तर चालेल ना काका, असं विचारलंयस. नाही चालत रे. मुलीच्या वडिलांनी तारीख, रेट, दोन कॅमेरे, अल्बम सगळं लिहून पाठवलं, तू खाली 'ओके डन' टाकलंस, त्यांनी ते वाचलं, झाला करार.

1872 चा कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट आहे आपला, त्यात बहुतेक व्यवहारांना कागद लागतच नाही, तोंडी पण चालतं. तू काम करतो म्हणालास, ते पैसे देतो म्हणाले, तेवढं पुरे. स्टॅम्प पेपरचं लोकांना उगाच वेड. (भाड्याच्या घराचं वेगळं हां, महाराष्ट्रात लिव्ह ॲण्ड लायसन्स लेखी आणि रजिस्टरच करावं लागतं.)

1959 ची गंमत सांगतो. खामगावची पार्टी आणि अहमदाबादचे व्यापारी, सरकीच्या पेंडीचा सौदा फोनवर ठरला, पुढे माल आलाच नाही म्हणून व्यापाऱ्यांनी अहमदाबादला केस टाकली आणि भांडण कशावरून, तर करार झाला कुठे (म्हणजे केस अहमदाबादला चालणार की नाही), 'हो' म्हटलं तिथे की 'हो' ऐकलं तिथे! सुप्रीम कोर्टाने 1965 ला सांगितलं, ऐकलं तिथे. तिघांतल्या एका जजचं मत उलटं होतं, मला ते अजून थोडं पटतं, पण चालतं बहुमताचं. पोस्टाने होकार पाठवला तर मात्र नियम निराळा, पत्र पेटीत पडलं की समोरचा बांधला गेला.

तू 'ओके, पण 70 घेईन' लिहिलं असतंस तर सुटला असतास, कारण तो होकार नाही, उलटी ऑफर झाली, त्यांनी मान्य करेपर्यंत कोणीच अडकत नाही.

आता पळ काढलास आणि त्यांना ऐनवेळी 85 हजाराचा फोटोग्राफर आणावा लागला तर वरचे 25 तुझ्याकडे मागू शकतात. त्यापेक्षा आजच फोन कर, तुझ्या तोडीचा दुसरा फोटोग्राफर त्याच रेटमध्ये दे, आणि मुलीच्या वडिलांना 'चालेल, तुम्ही मोकळे' एवढं व्हॉट्सॲपवर टाकायला सांग. नाही म्हणाले तर कॅमेरा उचल आणि जा लग्नाला.

तुझा,
वकीलकाका