रेल्वेगाड्या बघायला गोव्यात कुळ्याला येतोयस? मग हे वाच

पहिल्यांदा येणारे सगळे दूधसागर धबधब्याच्या मागे लागतात. तू आधी कुळे स्टेशनावर निवांत दोन तास काढ. इथूनच कॅसलरॉकचा (वरचं कर्नाटकातलं स्टेशन) घाट चढायला लागतो. चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रेल्वेच्या हिशेबात हा भलताच खडा. म्हणून गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. ती जोडताना बघ, आवाज ऐक. माझ्या मते धबधब्यापेक्षा हेच भारी. (घरचे हसतात, हसू देत.)

मार्ग पोर्तुगीज काळातला, १८८० च्या दशकातला. तेव्हा मीटरगेज (रुळांमधलं अंतर एक मीटर) होता, १९९० च्या दशकात ब्रॉडगेज (रुंद रूळ) झाला.

घाट गाडीत बसून बघ. रुळांवरून चालत दूधसागरला जायला बंदी आहे, बोगद्यात गाडी आली तर पळायला जागा नसते. पावसाळ्यात खिडकी मिळाली तर सोडू नकोस, पण दारात लटकू नकोस.

वेळ उरला तर मडगावला कोकण रेल्वेवर ट्रक वाहून नेणारी रो-रो दिसते का बघ. आणि हो, छत्री आण.